शालीतलं वजन

ही घटना माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, हे सगळं बोलताना ताईनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

भीतीनं नाही.

शरमेनं.

आणि रात्र नव्हती हं. लख्ख दुपार होती.

भाड्याचं घर सोडून ताई आणि भाऊजी दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरात राहायला निघाले होते. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. घरभर खोकी, दोऱ्या, चिकटपट्ट्या. पडदे काढलेले, भिंतींवर फोटोंच्या जागी नुसते चौकोन.

रिकामं होत चाललेलं घर घुमायला लागतं, माहीत आहे ना? तसं ते घर घुमत होतं.

"अहो, ते खोकं सरळ धरा, काच आहे त्यात!" ताई ओरडली.

"आधी एकदाच ऐकावं लागायचं," भाऊजी टेम्पोवाल्याला म्हणाले. "आज प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकतोय."

टेम्पोवाला हसला. ताईही हसली.

फक्त आतली खोली घुमत नव्हती.

कपाट गेलं, पलंग गेला, तरी तिथे आवाज दबून जायचा. भरलेल्या खोलीत जातो तसा... जणू तिथलं कुणी अजून गेलंच नव्हतं.

"गादी आहे ना खाली, ती आवाज खाते," भाऊजी म्हणाले.

त्याच गादीवर ठकी झोपली होती. ठकी म्हणजे ताईची लेक, नुकती पावलं टाकायला लागलेली. ती लोळत फरशीवर जाऊ नये म्हणून ताईनं उश्या शालींत, चादरींत गुंडाळून तिच्या चारही बाजूंनी लावल्या होत्या. तशीही ती गाठोडी शेवटच्या फेरीत जायची होती. ताई अशीच. एका कामात दोन कामं उरकणारी.

पहिली फेरी घेऊन भाऊजी टेम्पोबरोबर गेले. घरात ताई आणि ठकी, दोघीच.

ताई ओट्यापाशी बसून कपबश्या कागदात गुंडाळत होती. तेवढ्यात आवाज आला.

थप्... थप्... थप्...

कुणीतरी मूल थोपटत होतं.

"आलात पण इतक्यात?" ताईनं विचारलं.



थप्... थप्...

मांडीवरचा फोन वाजला. भाऊजींचा.

"अगं, इथं खाली गाड्याच गाड्या लावल्यात. आत्ता कुठे सामान उतरलं. निघतोच. ठकी उठली का?"

ताईच्या हातातला कागद तसाच राहिला.

"अगं, ऐकतेयस ना?"

"तुम्ही... तिकडेच आहात?"

"मग काय, तिथे दिसतोय का मी तुला?"

फोन बंद झाला. थोपटणंही थांबलं.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

"श्शऽऽ..."

बाळ नुकतं झोपलंय, आवाज करू नकोस, असं सांगणारा. बाईचा. ताईसाठीच होता तो.

ताई उठली. गेली हो ती आत, नाही असं नाही. पण नजर फरशीवरून वर उचलली नाही. गादीच्या पलीकडे कुणीतरी मांडी घालून बसलंय, असं तिला वाटत होतं. वर पाहिलं तर दिसेल, म्हणून तिनं पाहिलंच नाही. वाकली, चाचपडली. शालीत ऊब लागली. उचलली. छातीशी धरली. आणि धावली.

दार उघडंच टाकलं. पायांत चप्पल नाही.

जिन्यात ठकीचा श्वास तिच्या मानेला लागत होता. गरम. ठकीचं डोकं खांद्यावर जड झालं होतं, झोपलेल्या मुलाचं होतं तसं. ताई शपथेवर सांगते.

दुसऱ्या मजल्यापर्यंत तो श्वास होता.

मग थांबला.

पहिल्या मजल्याच्या वळणावर हातातलं वजन गेलं. एकदम. कुणीतरी अलगद काढून घ्यावं तसं...

ताईला कळलं.

त्याच क्षणी कळलं. ठकी वर आहे. आपल्या हातात ठकी नाही.

आणि तिचे पाय खालीच धावत राहिले.

टेम्पो नुकताच दाराशी लागला होता. टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढली.

"वहिनी, एक उशी पोचवायला एवढ्या धावत? आम्ही होतो की!"

भाऊजी हसत उतरले. मग त्यांना ताईचा चेहरा दिसला.

"ठकी कुठाय?"

ताईनं वर बोट केलं.

भाऊजी दोन-दोन पायऱ्या चढत गेले. टेम्पोवाला त्यांच्या मागे गेला. परका माणूस वर गेला, आणि आई खाली उभी राहिली. उशी पोटाशी धरून.

ते खाली आले तेव्हा ठकी भाऊजींच्या कडेवर होती. जागी. साधा ओरखडासुद्धा नाही.

"झोपली होती छान," भाऊजी म्हणाले. "अगं, दचकलीस तू. ठकी समजून गाठोडं उचललंस, दुसरं काय? होतं असं दमल्यावर."

"हो," ताई म्हणाली. "मला कळलंच नाही."

खोटं बोलली.

"वहिनी, पण..." टेम्पोवाला डोकं खाजवत म्हणाला, "बाळाच्या चारी बाजूंच्या उश्या जागच्या जागी होत्या. मग ही कुठली आणलीत?"

ती उशी टेम्पोत चढवली नाही. तिथेच जिन्याखाली राहिली.

ताईनं हात पुढे केले. "ये गं बाळा. ये आईकडे."

ठकीनं तिच्याकडे पाहिलं. ओळख होती नजरेत, तरीही तोंड फिरवलं. आणि दोन्ही हात जिन्याकडे केले...

जिन्यात कुणीच नव्हतं.

टेम्पो सुटला तशी ठकी रडायला लागली. भूक नव्हती, कुठे दुखत नव्हतं. नव्या घरात गेल्यावरही ती रडतच राहिली. भाऊजींनी खेळणी काढली, शेजारीण येऊन दृष्टसुद्धा काढून गेली.

मीसुद्धा लेकुरवाळी आहे. मुलांची रडणी मला कळतात. त्या संध्याकाळी मी नव्या घरी गेले होते, ते रडणं मी माझ्या कानांनी ऐकलंय. घाबरलेलं मूल तसं रडत नाही.

आई सोडून गेल्यावर मूल रडतं, तशी ठकी रडत होती.

आणि ताई तिला कडेवर घेऊनच उभी होती.