रेघ खाली घ्यावी

तो दिवा घालवा पाहू. ही गोष्ट उजेडात सांगायची नाही. आणि थापा समजू नका. जिच्या बाबतीत घडली ती पेंटरबाई माझ्या शेजारी राहते, उद्या जाऊन विचारा. चहा पाजेल आणि हाकलून देईल.

आपल्या गावाच्या दोन खोडी. एक बोलण्याची. आपण बाहेरच्याला सांगतो, बाजार खाली आहे, आणि तो बिचारा उतार शोधत फिरतो. आपल्याकडे नदी येते ती बाजू वर, नदी जाते ती बाजू खाली. चढउताराशी काही देणंघेणं नाही. दुसरी खोड रेघेची. होड्यांचा व्यापार होता तेव्हा हे गाव मोठ्या मिजाशीत होतं. मग रेल्वे पलीकडच्या काठाने गेली आणि सगळे म्हणाले, संपलं हे गाव. गाव ऐकतंय कसलं! पूर आला की गच्ची गाठायची, वखारीच्या भिंतीवर पाण्याची रेघ मारायची, ओसरला की गाळ उपसून दुकान उघडायचं. सगळ्यात उंच रेघेपेक्षा सखल जागेत कुणी अंथरूण टाकायचं नाही. म्हणून घाटाजवळचं मैदान मोकळं आहे, आणि म्हणून आपण आहोत.

ती सगळ्यात उंच रेघ पेंटरबाईच्या वडिलांची. अण्णा वखारीत पाणी मोजायचे. त्या पुरात रात्रभर लोक गच्च्यांवरून ओरडत होते, "किती?" आणि अण्णा शिडीवरून फूट सांगत होते. पहाटे म्हणाले, "एकोणतीस!" रेघ मारली. त्यानंतर लोकांनी विचारलं, तर उत्तर आलं नाही. शिडी सापडली, अण्णा सापडले नाहीत. पेंटरबाई तेव्हा सहा वर्षांची होती.

गेल्या वर्षी नगरपालिकेत नवे साहेब आले, बाहेरगावचे. मैदानावर तीनशे घरं बांधायचं त्यांच्या मनात होतं. आडवी येत होती ती रेघ. त्यांनी पेंटरबाईला बोलावून हातात चिठ्ठी ठेवली, सहीशिक्क्यानिशी: 'पुराची रेघ बारा फूट खाली घ्यावी.'

"रात्रीत उरका," साहेब म्हणाले. "नाहीतर दुकान खाली करा. जागा आमची आहे."

"साहेब, तिथं माणसं झोपतील हो."

"झोपू देत की! घरं झोपायलाच असतात."

बाई घरी येऊन रडली. चाळीस वर्षं त्या दुकानात पाट्या रंगवल्या होत्या. या वयात जाणार कुठे?

मार्चातला दुसरा मंगळवार. रात्रीचे पावणेबारा. नदी इतकी आटलेली की पोर चालत पार होईल. बाईने वखारीला शिडी लावली, टॉर्च दातात धरला, पत्र्याची खरवडणी घेऊन चढली. अण्णांची रेघ नाकासमोर आली. मनात म्हणाली, अण्णा, माफ करा. आणि पहिला पोपडा काढला.

घाटावर पाणी वाजलं.

कोरड्या घाटावर.

तिने टॉर्च फिरवला. काही नाही... नुसत्या पायऱ्या. पुन्हा भिंतीकडे वळली. शिडीचा पायथा ओला झाला होता. मग पहिली पायरी. मग दुसरी. पाणी दिसत नव्हतं, लाकूड तेवढं काळं पडत होतं...

आणि पायथ्याशी कुणीतरी विचारलं,

"किती?"

बाईच्या तोंडातून टॉर्च पडला. टप् असा आवाज यायला हवा होता. डुबुक्... असा आला.

"किती?"

साहेबांचा आकडा तिच्या ओठांवर आला. "स... सतरा."

गारठा सरसर चढला. घोट्याला. गुडघ्याला. कमरेला.

"किती?"

ती एक पायरी वर चढली.

छातीला.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. भीतीची जागा रागाने घेतली. बापाने जीव देऊन सांगितलेला आकडा मी गिळू? कुणासाठी? त्या उपऱ्यासाठी? आणि ती अशी ओरडली की मी माझ्या अंथरुणात उठून बसलो. "एकोणतीस! अण्णा, एकोणतीस! एक इंचही कमी नाही!"

...

पाणी उतरलं. कुणीतरी हुश्श केल्यासारखं झालं.

अंधारात ती बराच वेळ शिडीला मिठी मारून होती. मग तिला ती चिठ्ठी आठवली, आणि ती हसायला लागली. उतरून दुसरा टॉर्च आणला. काढलेला पोपडा रंगाने भरला. शिडी नदी जाते त्या बाजूला सरकवली आणि तीच रेघ, त्याच उंचीवर, मोजून बारा फूट पुढे ओढली.

सकाळी साहेब लालबुंद. "हे काय केलंत?"

"तुम्ही लिहिलंत तेच. बारा फूट खाली घेतली," बाई म्हणाली. "गावाला विचारा खाली कुठे आहे ते."

जमलेल्या गावाने एकदम नदी जाते त्या बाजूला बोट केलं. हसून हसून पोटं दुखली. दुकानाला हात लावायची साहेबांची छाती झाली नाही, मैदानही तसंच मोकळं आहे.

पण पोरांनो, बाईने रेघ बारा फुटांवर थांबवली होती. मी स्वतः टेप लावून मोजली.

रेघ मात्र थांबली नव्हती. पुढे कोपऱ्यावरून वळली होती, चार घरांच्या भिंती ओलांडून साहेबांच्या वरच्या मजल्यावरच्या कुलूपबंद ऑफिसात शिरली होती, आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीपेक्षा हातभर उंच, चारी भिंतींना फिरली होती. रंगाची नव्हे... गाळाची. तीनदा चुना दिलाय.

अजून ओली आहे.