पहिल्या पट्टीवरची सही

पुष्पलताचं कोणीच खरं मानलं नाही. डॉक्टरनं नाही, सख्ख्या भावानं नाही, आणि सदर वस्तीतल्या ज्या बंगल्यात ती स्वयंपाक करायची तिथल्या शोभाताईंनी तर हसण्यावारीच नेलं. तिच्या पोरीच्या, पायलच्या, उजव्या हाताची बोटं बधीर झाली होती. इतकी, की गॅसवरचा तापला तवा तिनं उघड्या हातानं उचलला आणि तिला कळलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा. पुष्पलता म्हणे, ताई तिला पियानो शिकवायला लागल्या तेव्हापासूनचं हे आहे. चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं!

"सोयरीक करताना आपण सात पिढ्या उकरतो," तिनं ताईंना तोंडावर सुनावलं. "अन् हे धूड कोनं बनवलं, कधीचं हाय, काही पत्ता नाही. माह्या पोरीले त्याच्यापुढं बसवता!"

"तोंड आवर वं, पुष्पा," ताई म्हणाल्या. पण त्यांच्याही मनात ते राहिलं. पियानोच्या झाकणावरचं कंपनीचं सोनेरी नाव कधीच खरवडून गेलेलं. शेवटी त्यांनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या ओमप्रकाशला बोलावलं.

मे महिन्याची दुपार. पडदे ओढलेले, कूलरच्या वाळ्याचा ओला वास. आईसोबत आलेली पायल आत स्वयंपाकघरात बसलेली. ओमप्रकाश म्हातारा वाटेना आणि तरुणही वाटेना.

"असा पियानो पहिल्यांदाच पाहून राहिलो," तो म्हणाला, आणि न बघताच हात मागं घालून त्यानं आतली खिट्टी सरकवली. पुष्पलताच्या ते डोळ्यांत खुपलं.

आत लोखंडी चौकटीवर नंबर कोरलेला होता. "नंबरावरून शंभरीच्या पार हाय," तो म्हणाला.

"अन् बनवणारा?" पुष्पलतानं विचारलं.

"कारागीर पहिल्या पट्टीवर सही करते, बाई. पेन्सिलीनं. बाजूनं, कोणाले दिसत नाही अशी." त्यानं अगदी डावीकडची पट्टी उपसली, डोळ्यांजवळ नेली आणि खाली ठेवली. "पुसलं हाय. वाचता येत नाही."

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. घर एकदम मुकं झालं.

पुष्पलता पट्ट्यांकडे पाहत होती. साऱ्या पिवळ्या, कुजक्या दातांसारख्या. मधल्या पाच तेवढ्या पांढऱ्याशुभ्र.

"ह्या काहून नव्या?"

"वरून हाडाचा पापुद्रा असते. बदलवला असन कोणी..."

तिनं बोट टेकवलं. पट्टी गरम होती. उन्हानं तापलेली नाही... अंगासारखी गरम. तिनं नख रुतवलं.

"आई वं! माह्यं बोट!" स्वयंपाकघरात पायल किंचाळली.

कित्येक महिन्यांनी त्या बोटाला काही लागलं होतं.

"हात नका लावू!" ओमप्रकाश खेकसला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "मी पाहतो पोरीले," आणि आत गेलासुद्धा.

"पुष्पा... हे काय गं?" ताई पियानोपासून मागं सरल्या.

"तुमीच बसवलं तिले इथं! तुमीच!" पुष्पलता कडाडली. पण पाय आत वळता वळता तिची नजर खाली ठेवलेल्या पट्टीवर गेली. पुसलं म्हणे! तिनं ती उचलली, पडद्याच्या फटीतल्या उजेडात धरली. काही पुसलेलं नव्हतं. अक्षरं काळीभोर, आणि मराठी. खाली साल, १९१२. तिनं अंगठा फिरवला तर शिसं अंगठ्याला लागलं, आत्ताच लिहिल्यासारखं.

स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग हळू, लाडीगोडीचा स्वर:

"हा झाला, बेटा... आता डावा दे."

पुष्पलता दारावर जाऊन आदळली. फळ्या हादरल्या, कडी निघेना. हातात ती पट्टी तशीच होती. पट्टीवरचं नाव तिनं ऊर फुटेस्तोवर ओरडून घेतलं, साऱ्या सदरला ऐकू जाईल असं:

"ओमप्रकाश!"