माळावरची अक्षरं

“अजित, इकडे ये! अजून एक सापडलं!” शालन खडकावरून ओरडली.

अजितकुमार आणि मानसिंग धापा टाकत वर चढले. पांढरट खडकावर कोळशानं लिहिलं होतं – ‘वावा कघी येराण’.

“तिसरा धोंडा!” मानसिंगचे डोळे चमकले. “म्या सांगतो, ही भूमिगतांचीच खूण हाय! कुटल्या तरी वावाला निरोप धाडलाय!”

१९४३ सालचा मे महिना होता. इंग्रज सरकारविरुद्ध लपूनछपून लढणाऱ्यांची कुजबुज साताऱ्याच्या गावागावांत चालू होती. सांगलीहून कोरेगावजवळच्या मामाच्या गावी सुट्टीला आलेल्या शालन-अजित या भावंडांना आणखी काय हवं होतं! मानसिंग तर गावच्या पाटलांचा मुलगा. माळावरची वाट न् वाट त्याच्या पायाखालची.

शालननं तिन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि ती विचारात पडली.

“काय झालं गं?” अजितनं विचारलं.

“गुप्त लिपी असती, तर दर वेळी सारखीच असती ना? इथे ‘येराण’, तिथे ‘येणर’, खालच्या धोंड्यावर ‘यणेरा’! आणि एकही ओळ माझ्या डोक्यापेक्षा उंचावर लिहिलेली नाही. लिहिणारं कुणीतरी आपल्याएवढंच आहे.”

“मग उद्या लपून बसू!”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं बोराटीच्या जाळीमागे दबा धरून बसले. थोड्याच वेळात शेणाची पाटी घेऊन एक मुलगी वर आली. तिनं परकराच्या ओच्यातून कोळसा काढला. एकेक अक्षर काढायला तिला किती वेळ लागत होता! लिहून झालं की ती मागे सरकून बघायची, तळहातानं पुसायची आणि परत लिहायची. शेवटी कोळसा टाकून ती गुडघ्यांत मान घालून बसली.

“ही तर बनी!” मानसिंग पुटपुटला. “लय ठोंब पोरगी. माज्याच वर्गात व्हती. तीन वर्सं तिसरीतच हाय.”

बनूनं ते ऐकलं. ती पळणार, तोच शालन आडवी आली.

“थांब ना. मी कुणाला सांगणार नाही. शपथ!”

“तुमी हसनार.”

“नाही हसणार.”

बनूनं तिघांकडे पाळीपाळीनं बघितलं. मग खडकाकडे बघत ती बोलू लागली. “माजा बा पलटनीत हाय, लांब लढाईवर. त्याचं पत्र आलं की मास्तर चावडीवर मोठ्यानं वाचत्यात. समदं गाव ऐकतं. मला माज्या हातानं इचारायचंय, बाबा कधी येणार. ऐकल्यालं समदं ध्यानात ऱ्हातं, पाडे बी तोंडपाठ हाईत, पर ब लिवते, आन् बगते तर व! ध कुटला, घ कुटला, काय बी कळत न्हाई. मास्तर म्हंत्यात, आळशी हाय. छड्या खाऊन हात सुजला, तरी न्हाई जमलं.”

“म्हणून इथे येतेस?”

“हितं कोन बगत न्हाई. हरिबा धनगर तेवढा मेंढरं घिऊन येतो. कुनाला सांगनार न्हाई, म्हनून त्यानं शपथ घेतलीया.”

“आणि सुट्टीत खेळतेस कुणाशी?”

“कोन न्हाई,” बनू म्हणाली. आज बाजार नाही, असं सांगावं तसं. मानसिंगनं मान खाली घातली.

इतक्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. एक हवालदार आणि दोन शिपाई हरिबाला धरून गावाकडे नेत होते!

मानसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. “काल जेवताना म्या आबांना ह्या अक्षरांचं सांगितलं… त्यांनीच कोरेगावच्या ठाण्याला निरोप धाडला असनार!”

चौघं धावतच चावडीवर पोचले. सारा गाव जमला होता.

“बोल! माळावर रोज तूच असतोस, कुणी लिहिलं?” हवालदार गरजला.

“मला ठावं न्हाई,” हरिबा म्हणाला.

खडकावरच्या ओळी उतरवलेला कागद उलटसुलट करत नानासो मास्तरांनी चष्मा पुसला. “हा वावा कोण, उलगडत नाही. अक्षरं आपलीच, पण भाषा नक्की गुप्त आहे!”

“चला ठाण्यात! तिथं तोंड उघडेल!”

“सांगून टाकू या!” अजित कुजबुजला.

“नाही! मी शपथ घेतली आहे,” शालन म्हणाली. तिनं वळून बघितलं. बनू लिंबाच्या खोडाला चिकटून उभी होती. सगळ्या गावापुढे जायचं!  मग तिनं हळूच होकाराची मान हलवली.

शालनला एक युक्ती सुचली. ती पुढे झाली. “हवालदारसाहेब, लिहिणारी इथेच आहे! पण आधी मास्तरांनी तिची तोंडी परीक्षा घ्यायची. एक जरी उत्तर चुकलं, तर आम्हा तिघांना न्या!”

“बरं, बघू तरी!” हवालदार मिशीतल्या मिशीत हसला.

बनू पुढे आली आणि हशा पिकला. “ह्ये ठोंब?”

“सत्तावीस आठे?” मास्तरांनी विचारलं.

“दोनशे सोळा!”

“एकोणतीस नव्वे?”

“दोनशे एकसष्ट!”

मास्तर गोंधळले. त्यांनी वर्तमानपत्रातल्या पाच ओळी एकदाच वाचल्या. बनूनं त्या जशाच्या तशा म्हणून दाखवल्या! आता कुणी हसेना. मग ती खाली बसली आणि चावडीच्या फरशीवर तिनं ओच्यातल्या दुसऱ्या कोळशानं लिहिलं – ‘वावा कघी येणर’.

“ह्ये मीच लिवलंय,” ती म्हणाली. “बाबा कधी येणार. माज्या बाला.”

हवालदारानं हरिबाचा दंड सोडला आणि तो उगाचच टोपी नीट करू लागला.

“पोरी, शपथ तू मोडलीस हां, म्या न्हाई!” हरिबा म्हणाला. त्याचे डोळे मात्र भरून आले होते.

“शाबास रं पोरांनो!” पाटलांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. “आमी म्हातारी मानसं आंधळ्यावानी निगालो व्हतो. एका गरीब मानसावर बालंट आलं असतं! आन् बने, तू तर लय धिटाईची!”

नानासो मास्तर फरशीवरच्या अक्षरांकडे बघत उभे होते. “तीन वर्षं हिची पाटी माझ्यापुढे येते आहे,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मी न बघताच फुली मारत आलो. बघितली असती, तर हे अक्षर ओळखलं नसतं का?”

माणसं पांगली.  बनू चावडीच्या पायरीवर एकटीच बसून राहिली. शालन तिच्याकडे निघाली, पण त्याआधी मास्तरच तिथे जाऊन उभे राहिले.

“बनू, जूनमध्ये तुझी परीक्षा तोंडी घेईन. चौथीत बसायचं. अक्षरं आपण वाळूत बोटानं गिरवू, रोज थोडी थोडी. जमेल की नाही, ठाऊक नाही. मलाही हे कुणी शिकवलेलं नाही.” ते तिच्यापुढे वाकले. “पण आधी मला सांग, पाटीकडे बघितलं की तुला नेमकं काय दिसतं?”

बनूनं चमकून वर बघितलं. हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.  मग जरा सरकून तिनं पायरीवर मास्तरांना जागा करून दिली आणि सांगायला सुरुवात केली.