गुलाबी कागदावरची माफी

"शिक्षणाचं कर्ज आहे का तुमच्यावर?"

एका अनोळखी मुलानं मला विचारलेला पहिला प्रश्न हा. ना नाव, ना गाव. सौंसरच्या बसस्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान, एप्रिलचं रणरणतं ऊन, आणि मी, उर्वशी, माझ्या धाकट्या बहिणीच्या, डिंपलच्या, मार्कशीटच्या प्रती काढायला आलेली... चुकून भलत्याच रांगेत उभी.

"पोरींले तुम्ही पहिलं हेच विचारता का?" मी म्हटलं.

तो गडबडला. हातातला गुलाबी कागदांचा गठ्ठा सावरताना दोन कागद खाली पडले, ते उचलायला वाकला तर खिशातला पेनही पडला. मला हसू आलं. हसू लपवणं मला कधी जमलंच नाही, आईची बोलणी खाऊनसुद्धा.

"नाही... म्हणजे, सगळ्यायलेच विचारून राहिलो," तो म्हणाला. "शिक्षणाचं कर्ज माफ व्हावं म्हणून सह्या गोळा करून राहिलो. कलेक्टर साहेबाले द्याच्या आहेत."

"आन नाही झालं माफ तर?"

"तर अजून सह्या."

इतक्या सरळपणानं म्हणाला, की मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, इस्त्रीचा पण कॉलरला झिजलेला शर्ट, आणि डोळे असे, की समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ते हलायचेच नाहीत. नाव केतन. पांढुर्ण्याचा. सौंसरच्या सरकारी शाळेत अतिथी शिक्षक, म्हणजे शाळा चालू तोवरच मानधन. बी.एड. कर्जावर केलेलं.

"पांढुर्ण्याचे लोकं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकायवर गोटे फेकतात," मी म्हटलं. "तुम्ही कागद फेकून राहिले."

"गोटमारीत मी कधी गेलोच नाही. आई दरसाली घरात कोंडून ठेवते."

हे कोणता मुलगा एका मुलीला पहिल्याच भेटीत सांगतो? मी परत हसले. मग मात्र म्हटलं, आता याला नीट सांगून टाकावं.

"माह्यावर तीन लाख दहा हजार आहे. नागपूरले लॅब टेक्निशियनचं शिकली. आता इथं लॅबमधी काम करते आन महिन्याले अठ्ठावन्नशे भरते. माह्या पगारातून. मले माफी नको."

"काहून?"

"माही मैत्रीण आहे, पूजा. वर्गात माह्याहून हुशार. कर्ज नको म्हणून तिनं कॉलेजच सोडलं, आता ब्लाउज शिवते. माह्यं माफ झालं तर तिले काय भेटन?"

मला वाटलं, आता हा वाद सोडेल.

"तिच्यासाठीच तर मागून राहिलो," तो सावकाश म्हणाला. "बारावीपर्यंत सरकार शिकवते आन तेरावीले म्हणते, आता बँकेत जा. पूजाले निवडच काहून करा लागली, सांगा ना."

वादात माझं तोंड बंद झालं आणि तरी राग आला नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"कागद गुलाबी काहून घेतला?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"झेरॉक्सवाल्याकडे उरला होता. निम्म्या भावात दिला."

मी सही केली नाही. कागद मात्र घडी करून पर्समध्ये ठेवला. मागच्या बाजूला त्याचा नंबर होता... एवढंच कारण.

त्यानंतर आम्ही रोज भेटायला लागलो. म्हणजे ठरवून नाही. माझी नागपूरकडची बस पावणेसहाला, मी बोरगावला उतरते. त्याची पांढुर्ण्याची सव्वापाचला. तरी पावणेसहाला तो स्टँडवरच असायचा.

"तुमची गाडी गेली वाटते, सर?"

"गर्दी होती, मॅडम."

"रोजच?"

"पांढुर्ण्याले लय लोकं जातात आजकाल."

मे महिन्यात शाळेला सुटी लागली, मानधन बंद झालं, तरी तो सह्यांच्या नावाखाली सौंसरला यायचाच. आम्ही भांडायचो. मी म्हणायची, ज्यानं घेतलं त्यानं फेडावं. तो म्हणायचा, शिकलेल्या माणसाचा फायदा सगळ्या गावाला होतो, मग खर्च एकट्यानं का करावा. भांडता भांडता तो कुल्फीची काडी हातात धरून राहायचा आणि कुल्फी त्याच्या बाहीवर वितळायची. मला तो आवडायला लागला होता. हे मी कुल्फीवाल्यालाही सांगितलं नसतं, पण बहुतेक त्याला कळलेलं होतं.

जुलैत पाऊस चांगला झाला, कपाशी गुडघ्याला आली आणि डिंपलचा नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. पहिल्या वर्षाची फी भरायची शेवटची तारीख अकरा ऑगस्ट, सोमवार. त्यासाठी तिच्या नावानं कर्ज काढायचं होतं. कागद घेऊन आम्ही दोघी बँकेत गेलो.

खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि चष्मा वर केला.

"तुमच्याच खात्याचे तीन हप्ते थकलेले आहेत. आधी ते भरा. त्याशिवाय बहिणीची फाइल पुढे जाणार नाही."

मी म्हटलं, शक्यच नाही. पगार झाला की अठ्ठावन्नशे रुपये मी बाबांच्या हातात देते. कर्जात तेही सहीदार आहेत, पासबुक त्यांच्याकडे असतं आणि बाजाराच्या दिवशी तेच बँकेत भरतात. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मे, जून, जुलै — तिन्ही कोरे. बँकेचे मेसेज बाबांच्या साध्या फोनवर गेले होते आणि बाबा मेसेज वाचत नाहीत.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. बाबा, म्हणजे केशवराव, जराही दचकले नाहीत. उठले, आत जाऊन डाळीच्या डब्यातून नोटांचं पुडकं आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"सतरा हजार चारशे. एक रुपया इकडचा तिकडं नाही."

"मंग भरले काहून नाही?"

"माफी येऊन राहिली ना. तूच तर फॉर्म आणला."

त्यांनी पुडक्याखालून घडी केलेला गुलाबी कागद काढला. माझ्या पर्समधला. आणि मला सगळं उमगलं.

काही वर्षांपूर्वी कास्तकारांची कर्जमाफी आली, तेव्हा हिरवे, पांढरे, गुलाबी असेच फॉर्म निघाले होते. त्याच्या महिनाभर आधी बाबांनी पिकाचं कर्ज पूर्ण भरून टाकलं होतं. शेजारच्या हिरामणकाकांनी भरलं नव्हतं, त्यांचं माफ झालं. बाबांच्या हाती फक्त पावती राहिली. त्यावर गावानं इतकी थट्टा केली, की बाबांनी कित्येक दिवस पारावर बसणं सोडलं होतं. आमच्याकडे रंगीत कागद दिसला की लोक त्याला सरकारचाच समजतात, त्यात बाबांचा काय दोष.

"बाबा, हे नुसती मागणी आहे. पोरायनं केलेली."

"तवाही लोकं असंच म्हणत होते. भरलं का यादीतून नाव गेलं. यावेळी मी नाही फसत."

"डिंपलची सीट जाईन, बाबा."

"माफी झाली का तिलेही कर्ज भेटन," ते म्हणाले आणि डबा जागेवर ठेवून आले. डिंपल उठली आणि नागपूरसाठी काढून ठेवलेली बॅग परत पलंगाखाली सरकवली. ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर पावसाची झड लागली होती. केतन शेडखाली उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे खरं तर त्याच्यावर सगळं ओतलं. स्वस्तातला कागद, बाबा, डिंपल, सोमवार. तो पांढराफटक पडला.

"अजून किती लोकायनं हप्ते बंद केले असतीन?" त्यानं विचारलं.

"माह्या बहिणीची सीट जाऊन राहिली आन तुम्हाले लोकायची पडली आहे?"

तो काहीतरी बोलणार होता... मी थांबलेच नाही. बस लागली होती. खिडकीतून पाहिलं तर तो शेडबाहेर येऊन उभा होता, भिजत.

मग चार दिवस तो दिसला नाही. सव्वापाचची बस गेली, पावणेसहाची आली, माझ्याशी भांडायला कोणी नव्हतं. पळाला, मी स्वतःला सांगितलं. सह्या घेताना शूर होता, निस्तरायची वेळ आली आणि पळाला. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, तिगावच्या एक बाई रक्त तपासायला लॅबमध्ये आल्या. सुई टोचताना त्या बोलत होत्या.

"एक मास्तर फिरून राहिला आमच्याकडं, पावसात. चारशे नावायची यादी आहे म्हणे त्याच्यापाशी. घरोघरी जाऊन सांगते, हा सरकारी फॉर्म नोहे, चूक माही आहे, हप्ता भरा. एकानं तर त्याची कॉलर धरली. तो म्हणते, धरा, पण हप्ता भरा."

मी सुई काढली आणि कापूस लावायलाच विसरले. बाईंनी चमकून पाहिलं. मी माफी मागितली, त्यांची आणि मनातल्या मनात त्याची. ज्याचं म्हणणं ऐकून चारशे पोरं मागे उभी राहिली, तो त्यांच्याच दारात जाऊन चुकलो म्हणत होता. एवढं मोठं मन मी कोणाचं पाहिलं नव्हतं, आणि मला ते माझ्यासाठी हवं होतं.

रविवारी सकाळी आमच्या दारात फटफटी थांबली. रेनकोट, गुडघ्यापर्यंत चिखल, आवाज बसलेला. ओसरीत बाबा आणि हिरामणकाका बसले होते.

"काकाजी, मी केतन. तो गुलाबी फॉर्म माह्या हातचा आहे."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सरकारचा नोहे?"

"नाही. मीच टाईप केला. त्याच्यात अक्षरायच्या चुका बी माह्याच आहेत."

"म्हणजे तू लोकायले फसवलं."

"फसवलं नाही, पण नीट सांगितलं बी नाही. ही नुसती मागणी आहे असं वर मोठ्या अक्षरात लिहा लागत होतं. तेवढं मले सुचलं नाही."

हिरामणकाका खो-खो हसले. "घे केशवराव, तुहा नेम पुन्हा हुकला."

बाबांचा चेहरा उतरला. तेव्हा केतन हिरामणकाकांकडे नाही, बाबांकडे वळला.

"काकाजी, उर्वशीनं सांगितलं मले. त्या टायमाले तुम्ही पुरं कर्ज भरलं होतं. लोकं हासले. हासाले नोतं पाहिजे. माही मागणी तर अशी आहे, का जो भरते त्याच्यावर कोणी हासू नये आन जो भरू शकत नाही त्याच्या पोराचं शिक्षण बंद पडू नये."

इतक्या वर्षांत बाबांना हे कोणीच म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"मंग आता माफी मागणं सोडलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही. हप्ताही भरत राहीन आन मागतही राहीन."

बाबांनी मान हलवली. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. "यादीतल्या घरी जाऊन राहिला, म्हणतात लोकं. आमचं नाव आहे यादीत?"

केतन थांबला. "नाही. उर्वशीनं सही नव्हती केली."

"मंग इथं काहून आला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्याचे कान लाल झाले होते, पण त्यानं नजर खाली नेली नाही.

"इथं यादीसाठी नाही आलो, काकाजी."

"बसा," आई आतून म्हणाली. "चहा ठेवून राहिली मी." माझी आई पंचफुला कोणाही परक्यासाठी बाबांना न विचारता चहा ठेवत नाही. बाबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग हिरामणकाकांकडे, आणि हळूच खाटेवर सरकून केतनला जागा करून दिली.

सोमवारी बँक उघडायच्या आधीच बाबा दाराशी उभे होते. सतरा हजार चारशे आणि वरचा दंड त्यांनी स्वतःच्या हातानं भरला, पावती दोनदा वाचली आणि डिंपलच्या अर्जावर सहीदार म्हणून सही केली. मॅनेजर साहेबांनी फाइल मंजुरीला घेतली, बँकेचं पत्र दिलं आणि कॉलेजला फोन करून आठवड्याची मुदत मागून घेतली. डिंपल ते पत्र हातात धरून बाकावर बसली आणि रडली. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

मी बाहेर आले. पायऱ्यांवर केतन होता.

"झालं?"

"झालं."

तो एक पायरी वर आला... पुन्हा थांबला. "माह्यावर दोन लाख ऐंशी हजार आहे, उर्वशी. नोकरी दरसाली नवी. हे आधी सांगतो, कारण मंग जे सांगाचं आहे ते त्याच्याहून मोठं आहे."

"सांगा ना मग."

"तू मले लय आवडतेस. भांडतेस तवा तर अजूनच."

पाऊस थांबला होता आणि माझं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं, की मला वाटलं बँकेतल्या बाईंनाही ऐकू जाईल.

"मलेही तू आवडतोस," मी म्हटलं. 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, ते मला कळलंच नाही. "पण लग्नाआधीच सांगून ठेवते. मी माह्या कर्जासकट येईन."

"तुहा हप्ता मी भरीन ना."

"नाही. माहा मी भरीन. तुहा तू भर."

"आन मंग?"

"मंग बाकी सगळं दोघायचं."

त्यानं हात पुढे केला. भर बाजारात, बाबा आत असताना, मी तो धरला.