संत ॲनच्या जहाजाचं झाकण

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा मी संत ॲनला नवस बोलले होते, की दर गुरुवारी तुझं चॅपेल झाडीन. पोरींनो, आज एकतीस वर्षं झाली, एक गुरुवार चुकलेला नाही. आता ऐका. गोष्ट शेजारच्या गुल्वेनभाऊजींची, त्यांच्याच तोंडून ऐकलेली.

चॅपेलच्या छताला ते हातभर लांबीचं लाकडी जहाज टांगलंय ना, ती इंग्रजांच्या एका युद्धनौकेची नक्कल. ती खरी नौका दोनशे वर्षांपूर्वी आपल्या गावच्या खलाशांनी पकडली. कैद्यांना तळात कोंडलं, वरून झाकण ठोकलं. वाटेत वादळ झालं. बंदरात येऊन झाकण उघडलं तर आत पाणी... आणि चाळीस माणसं. आपले खलाशी वाचले, म्हणून नवस फेडायला त्यांनी हे छोटं जहाज केलं. पण त्याला झाकण मुद्दाम केलं नाही. जत्रेत खांद्यावरून मिरवतात तेही तसंच, उघडं.

गेल्या वर्षी पंचवीस जुलैला, जत्रेच्या आदल्या दिवशी, भाऊजींनी ते रंगवायला घरी नेलं. सुतार माणूस. ते उघडं तोंड त्यांना बघवेना. ओकच्या फळीचं झाकण कापलं आणि सहा खिळ्यांनी बसवलं.

"अहो, ते उघडंच असतं," त्यांची बायको मारिव्होन म्हणाली.

"जुन्या लोकांचा आळस, दुसरं काय!"

"हो ना, आणि आपल्या न्हाणीघराचं दार सहा वर्षं लागत नाही, तो कुणाचा?"

त्यांचा मुलगा एर्वान तेव्हा बोट घेऊन समुद्रावर होता. संध्याकाळी धुकं उतरलं. नऊनंतर त्याचा वायरलेस लागेना.

अकरा वाजून दहा मिनिटं. दोघं फोनपाशी बसलेली. कामाच्या टेबलावरून आवाज आला. टक... टक.

"उंदीर," भाऊजी म्हणाले.

टक. टक. टक. जहाजातूनच.

मारिव्होन उठून टेबलाशी गेली.

मग खूप ठिकाणी एकदम. हळू. बोटांनी वाजवावं तसं...

"काढा," ती म्हणाली. "अहो, काढा ते!"

एक खिळा. दुसरा. आवाज वाढला. चौथा. पाचवा...

सहावा निघाला. सगळं गप्प.

पहाटे चारला बंदरातून फोन आला. "आई, मी एर्वान. खडकावरच जात होतो गं. साडेअकराच्या सुमारास धुकं एकदम फाटलं, दीपगृह दिसलं."

सकाळी भाऊजींनी ते झाकण माझ्या हातात दिलं. आदल्या दिवशीच रंधा मारलेली, गुळगुळीत फळी. मी उलटी केली. खाली ओरखडेच ओरखडे. नखांचे. मोहरीएवढ्या नखांचे.

जत्रेत आपण आपल्याच खलाशांची नावं घेतो. त्या चाळिसांची कुणाला ठाऊक नाहीत, देवाला असतील. मी त्यांच्यासाठी एक मेणबत्ती लावते. पोरींनो, उद्या जत्रेला जाल तेव्हा तुम्हीही एक लावा.