विनापरवाना खोली

दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल. हल्ली समोरच्याचा चेहरा नीट दिसत असला की मला बोलायला बरं वाटतं. हं, आता ऐका.

मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात आहे. गाव लहान आहे, त्यामुळे कामही तसंच. कुणी ओटा पुढे घेतला, कुणी गच्चीवर पत्रे टाकले, कुणाच्या पन्हळीचं पाणी दुसऱ्याच्या दारात पडतं, असं काहीबाही बघायला जायचं. बघून झालं की "बघतो" म्हणायचं आणि परत यायचं. इतकी वर्षं यावर छान चाललं होतं.

या कामातलं आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे तक्रारकाका. पूर्वी ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले आणि ते आमच्याकडे वळले. गटार तुंबलं, दिवा गेला, नळाला हवाच येते, शेजाऱ्याची कबुतरं रागाने बघतात. आमच्या तक्रारपेटीचं झाकण करकरतं, ही तक्रारसुद्धा त्यांनी त्याच पेटीत टाकली होती. ते जिना चढताना खोकले की अर्धं ऑफिस चहाला निघायचं.

या वेळी त्यांचं म्हणणं असं, की शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी घरामागे विनापरवाना खोली बांधली आहे आणि त्यामुळे काकांच्या खिडकीचा उजेड गेला आहे.

दुपारी जेवून मी टेप घेऊन निघालो. काकांचं आणि बाईंचं घर पाठीला पाठ लावून आहे, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढाच बोळ. बाई एकट्याच राहतात, ब्लाउज शिवतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दार उघडलं तेव्हा त्यांच्याही गळ्यात टेप होता.

"नगरपालिकेतून आलोय. खोलीची तक्रार आहे," मी म्हणालो.

एरवी हे वाक्य ऐकलं की लोक भांडायला उठतात. बाईंनी हात जोडले.

"आलात? बरं झालं बाई. पाडून टाका एकदाची!"

"म्हणजे... तुम्ही बांधलेली नाही?"

"मी कशाला बांधू? बहिणीकडे गेले होते. परत आले तर ही होती."

मी हसलो. विनापरवाना बांधकामाची कारणं मी भरपूर ऐकली आहेत. आधीपासूनच होतं, वडिलांच्या वेळचं आहे, गवंड्याने चुकून बांधलं. पण आपली आपण उगवली, हे नवीन होतं.

बाई मला स्वयंपाकघरातून मागे घेऊन गेल्या. दोऱ्यांची रिळं ठेवायची एक फळी भिंतीशी तिरकी उभी करून ठेवली होती. ती पूर्वी जिथे होती तिथे आता दार होतं. साधं, राखाडी रंगाचं. त्याला कडी होती, पण आतल्या बाजूने.

मी दार ढकललं.

आधी वास आला. ओल्या चुन्याचा, कालच गिलावा केल्यासारखा. आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, बंद पेटीतल्या जुन्या घोंगडीसारखा, माणसाच्या अंगाचा. खिडकी नव्हती. मी बॅटरी लावली तर उजेड चार पावलांवर जमिनीवर पडला आणि तिथेच पडून राहिला, पुढे जाईना. बाहेर शिलाई मशीनवर कापड फडफडत होतं, तो आवाज दार ओलांडल्याबरोबर कुणी कानावर हात ठेवावा तसा बंद झाला.

घाबरायचं काय त्यात? मी टेपाचं टोक दाराच्या चौकटीला अडकवलं आणि डबी हातात धरून अंधारात पुढे गेलो. जातच राहिलो. टेप संपला, भिंत लागली नाही. मग मी परत आलो, टोक सोडवलं आणि नवशिके करतात तसं तेच टोक पुढे अंधारात सरकवून बघितलं. पट्टी थोडी वाकली, लोंबली...

...आणि ताठ झाली.

पलीकडचं टोक कुणीतरी धरलं होतं. ओढलं नाही, झटका दिला नाही. आमच्या कामात मदतनीस धरतो तसं, अगदी सवयीने धरलं होतं. माझ्याकडून आकडा ऐकायची वाट बघत.

बाहेर कसा आलो ते आठवत नाही. एकदम मी बाईंच्या मशीनपाशी उभा होतो आणि त्या मला पाणी देत होत्या. "धरतो ना तो?" त्यांनी हळूच विचारलं. "माझ्याही टेपाला धरतो. स्वभावाने बरा आहे हो... पण शेवटी परका माणूस."

मी मागे बोळात जाऊन बघितलं. बाईंची मागची भिंत सरळ होती, जुनी, शेवाळलेली, पुढे आलेली नाही की काही नाही. जिथे ती खोली असायला हवी होती तिथे नुसता बोळ आणि त्यात एक मांजर. पण मग वर बघितलं. काकांच्या सगळ्या भिंतीवर लख्ख ऊन होतं. फक्त त्यांच्या खिडकीवर नव्हतं. बरोबर खिडकीएवढी रात्र तिथे चिकटवल्यासारखी होती.

ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलं, "खोली आतून आहे, बाहेरून नाही."

साहेबांनी सहीवरून मान वर केली नाही. "मग आतून पाडा."

दुसऱ्या दिवशी मी अतिक्रमणवाल्या मुकादमाला घेऊन गेलो. गावातले निम्मे ओटे या माणसाने सपाट केलेत. सासू सोडून तो कुणाला भीत नाही. घण खांद्यावर टाकून तो आत गेला, दाराजवळची भिंत चाचपून शोधून काढली आणि पहिला घाव घातला. मग दुसरा. मग आतला आवाज थांबला आणि मुकादम बाहेर आला.

"तुम्ही काही बोललात?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"मग बाई?"

बाई पुढच्या दारात नळावर होत्या. मुकादमाने झोपलेलं तान्हं बाळ ठेवावं तसा घण जमिनीवर ठेवला.

"भिंतीतून म्हणाला, जरा हळू..." एवढं सांगून तो गेला. घण अजून तिथेच आहे.

हे सगळं चालू असताना तक्रारकाका येऊन उभे होतेच. "शाब्बास! म्हणजे आता उगवलेल्या खोलीपुढेही नगरपालिका हात टेकणार? बाजूला व्हा!" असं म्हणत ते कमरेवर हात ठेवून आत शिरले. "कोण आहे रे आत? परवानगी दाखव आधी!"

दार त्यांच्यामागे लागलं. आतून कडी बसल्याचा आवाज आला. मी आणि बाई कान देऊन उभे राहिलो. काकांचा आवाज चढलेला होता. गटार, नळ, कबुतरं, सगळं काढलं त्यांनी. मध्येच दुसरा एक आवाज यायचा, हलका, अदबशीर, ऐकून घेणारा. हळूहळू काकांचा आवाज खाली खाली जात गेला. मग काहीच ऐकू येईना.

कडी निघाली. काका बाहेर आले. खांद्यावर चुन्याची भुकटी होती आणि चेहऱ्यावर हसू.

"काका... काय झालं?"

"कुठे काय? सगळं छान आहे. तुम्ही लोक फार कष्ट घेता हो."

माझ्या अख्ख्या नोकरीत असं मला कुणी म्हणालं नव्हतं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"आणि खिडकीचं?" मी विचारलं.

"राहू दे. अंधाराने डोळे निवतात," ते म्हणाले आणि घरी गेले.

ऑफिसात आनंदीआनंद झाला. तक्रारपेटी रिकामी राहायला लागली. साहेबांनी तर "समाधानी नागरिक" म्हणून काकांचा फोटो लावायचं मनावर घेतलं. काका रस्त्यात भेटले की थांबून नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे. तुंबलेल्या गटारावरून उडी मारताना "वा!" म्हणायचे.

आणि एका दुपारी काकू आल्या. ही बाई ऑफिसात कधीच आली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बराच वेळ दारात उभी राहिली.

"भाऊ, तक्रार द्यायची होती. कुठल्या खात्यात देतात माहीत नाही."

"कशाबद्दल?"

"यांच्याबद्दल. म्हणजे... घरी जे आहेत ना, ते आमचे हे नाहीत."

मी खुर्ची पुढे केली. काकू बसल्या नाहीत.

"मी मुद्दाम चहात मीठ घातलं, भाऊ. कप संपवून म्हणाले, फर्मास. आमचे हे असते तर ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं असतं. रात्री घोरत नाहीत. कूससुद्धा बदलत नाहीत. मी दिवा लावून बघितलं तर डोळे उघडे, आणि माझ्याकडे बघून हसले..."

"माणूस बदलतो, काकू. वयाने."

"बदलू दे. पण मग शिवणवालीच्या भिंतीतून कोण खोकतं?"

आम्ही बाईंकडे गेलो. खोलीचं दार आतून बंद होतं. तिघांनी दाराला कान लावले. दूर, फार दूर, विहिरीच्या तळातून यावा तसा तो आवाज होता. पण ओळखीचा.

"...ओल आहे. बसायला जागा नाही. किती दिवस झाले सांगून... कोणी लक्ष देत नाही..."

"काका!" मी ओरडलो. "कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? इथेच! बघतो म्हणून गेलात ते गेलातच!"

काकू रडतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी झोप लागावी तसा सैल झाला. मी त्यांना सांगितलं, आता हे पुढे कसं करायचं मला ठाऊक नाही. आणि खरं सांगतो, मनात आलं ते बोलूनही गेलो. "काकू, घरी आहेत ते तसे त्रास देत नाहीत. तुम्हालाही जरा आराम..."

"आराम?" काकू म्हणाल्या. "भाऊ, लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या भाजीला नावं ठेवतोय आणि दुसऱ्यांदा वाढून घेतोय. त्या घरातल्याला मीठ कळत नाही, मी कळत नाही. मला माझाच हवा."

मग त्या दाराकडे वळल्या. आयुष्यात कुणापुढे आवाज न चढवलेली ती बाई दोन्ही हातांनी दार बडवायला लागली.

"ए! कोण आहेस तो! गोड बोलून माणसं ठेवून घेतोस? चुना ओला, उजेड नाही, बसायला जागा नाही, हे काय घर आहे? माझा माणूस आत्ताच्या आत्ता बाहेर काढ! नाहीतर मी आत येईन, आणि मी यांच्यापेक्षा वाईट आहे, सांगून ठेवते!"

खोलीत शांत झालं. मग आमच्या मागे पाऊल वाजलं.

ते आले होते. घरातले काका. स्वयंपाकघराच्या दारात उभे, हात पुढे बांधून, हसत. "काही अडचण आहे का?" त्यांनी विचारलं. आवाज काकांचाच होता. पण त्या दिवशी दाराआडून ऐकलेली अदब त्यात होती. बाईंनी माझा दंड धरला. मी त्यांचा धरला.

काकू जागच्या हलल्या नाहीत. "जा," त्या म्हणाल्या.

त्याने काकूंकडे बघितलं. का कोण जाणे, मला त्याची दया आली. कडी आपोआप निघाली, तो वाकून आत गेला, आणि त्याच अंधारातून पांढऱ्या भुकटीने माखलेले तक्रारकाका खोकत बाहेर कोसळले.

"ही काय यायची वेळ आहे?" त्यांनी काकूंना पहिलं वाक्य ऐकवलं. काकू तेव्हा रडल्या.

सकाळी बाईंना तिथे नुसती भिंत दिसली. त्यांनी फळी ठोकली, रिळं लावली. काकांच्या खिडकीत ऊन आलं, आणि आठवड्यातच काका ऑफिसात आले. ऊन फार येतं, पडदे नगरपालिकेने द्यावेत. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, साहेबांनी चहा मागवला.

निघताना काकांनी मला जिन्यात बाजूला घेतलं. ते इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आत मी एकटा नव्हतो. बरेच होते. अंधारात बसलेले. ती खोली काय एकाच घरी येते थोडीच... मी आरडाओरडा केला, हिने दार बडवलं, म्हणून सुटलो. बाकीचे गप्प असतात. एक तर माझ्या शेजारीच होता. तुमच्या ऑफिसातलाच."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. आवाज ऐकलेला वाटला. म्हणाला, घरी अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

मी वर आलो. सगळे आपापल्या टेबलाशी मान खाली घालून काम करत होते. आमच्या ऑफिसात सगळे एकदम काम करताहेत, हे दृश्य बघून मला घाम फुटला. पण कुणाकडे बोट दाखवणार?

घरी गेलो. बायको भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि हसत हसत विचारलं, "काय गं, मी अलीकडे बदललोय का?"

तिने मान वर केली आणि माझ्याकडे मायेने बघितलं.

"तुम्ही? हो तर," ती म्हणाली. "किती सुधारलात!"