तानीचं नाव कुणी खोडलं?

"मी नाही घातलं पाणी. देवाशपथ!" भावेशने तिसऱ्यांदा सांगितलं, तरी सोमीचा विश्वास बसेना.

मग घातलं कुणी? दिवाळीच्या सुट्टीत मेथीचा वाफा रोज सकाळी आधीच ओला! पोशेरा गावाजवळच्या पाड्यावरच्या या शाळेत मुलांची 'घरं' होती. एका घरात पहिली ते चौथीचं एकेक मूल, आणि सगळ्यांचा मिळून एक वाफा. दुसरीतली सोमी, तिसरीतला भावेश आणि चौथीतली पुष्पलता एका घरातली. त्यांची धाकटी, पहिलीतली तानी, आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली होती म्हणे. शाळेच्या दारावरच्या यादीत तिचं नाव लाल पेनाने खोडलेलं होतं. मग हे चौथं कोण? तिघांचं डोकं पार चक्रावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं कुंपणाआड दबा धरून बसले. हातपंपाकडून डबा घेऊन, निम्मं पाणी अंगावर सांडत आली ती तानीच!

हाक मारली तर ती पळत सुटली. भावेशने गाठल्यावर रडतच म्हणाली, "माझं नाव खोडलंय. दिसले तर गुरुजी घरी पाठवतील. पण मेथी आपली आहे ना?"

आईबाप भट्टीवर गेले होते खरे, पण तानीला शाळेसाठी शेजारी मावशीकडे ठेवून. मग नाव का खोडलं? आता तर गोंधळ आणखीच वाढला.

पुष्पलता तानीच्या घराकडे गेली. दाराला बोरीची काटेरी फांदी आडवी लावलेली. कामासाठी घर सोडताना पाड्यावर सगळेच तशी लावत. कोण गेलं, कोण राहिलं याची नोंद शाळेसाठी पाड्यावरचा सुदर्शनदादा ठेवायचा आणि त्यावरून गुरुजी यादीतली नावं खोडायचे. गड्याने फांदी बघितली आणि सगळं घर गेलं असं लिहून मोकळा झाला! मावशीला विचारायचीही तसदी घेतली नाही. शुक्रवारी गुरुजी यादी पक्की करणार होते, म्हणजे तानीची शाळाच जाणार होती.

मुलं दादाकडे गेली, तर त्याने हसण्यावारी नेलं. कागद एकदा लिहिला की लिहिला, म्हणाला. पुष्पलताला असा राग आला की तिला रात्रीचं जेवणही गेलं नाही.

शुक्रवारी गुरुजी यादी घेऊन दादाकडे आले तेव्हा दादा घरात घोरत होता आणि त्याच्या दाराला भलीमोठी बोरीची फांदी होती.

"सुदर्शनही गेला?" गुरुजी गोंधळले.

"लिहून टाका, गुरुजी," पुष्पलता म्हणाली. "फांदी दिसली की लिहायचं असतं."

"अरे, मी इथंच आहे!" आतून दादा ओरडला.

"तानीपण इथंच आहे."

गुरुजींना उलगडा व्हायला जरा वेळ लागला. मग फांदीतून बाहेर येऊन अंगातले काटे काढणाऱ्या दादाकडे बघत त्यांनी यादीत तानीचं नाव स्वतः लिहिलं. आपणही न बघताच पेन चालवलं, हे त्यांनी मुलांसमोर कबूल केलं आणि तिघांची पाठ थोपटली.

"म्हणजे मी आहे?" पुष्पलताच्या मागे उभ्या असलेल्या तानीने विचारलं.

"आहेस," गुरुजी म्हणाले. "जूनमध्ये तुमच्या घरात पहिलीतलं नवं मूल येईल. त्याला तू सांभाळायचं."

तानीने डोळे पुसले.

"त्याचं नाव काय?" तिने विचारलं.